भाड्याने घेतलेला टेम्पो स्वतः चालवायचा आहे: लायसन्सआधी आरसी बघा

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. वाघोलीला तुमचं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. ओळखीच्या एका माणसाकडून चौदा फुटी टेम्पो तीन महिन्यांसाठी महिना ठरवून घेताय. ड्रायव्हर मिळणार नाही, गाडी तुम्हीच चालवणार. लायसन्स कारचं आहे. साइट बहुतेक पुण्यात, महिन्यातून दोन-तीन कोल्हापूरला आणि एखादी बेळगावला. सोबत दोन सुतार आणि लागतील तसे हमाल. मालक म्हणतो, "पेपर सगळे ओके आहेत, बिनधास्त न्या." आणि तुम्ही विचारताय, "मला हेवी लायसन्स काढावं लागेल का?"

लायसन्सचं उत्तर दोन ओळींत देता येईल. पण तुमची खरी अडचण त्या "पेपर सगळे ओके आहेत" या वाक्यात आहे. पेपर मालकाच्या नावावर असतात, पण नाक्यावर हात दाखवून थांबवतात ते तुम्हाला. कुणाला धडक बसली तर पंचनाम्यात चालक म्हणून नाव तुमचं येतं. म्हणून भाड्याची गाडी घेणाऱ्याने प्रत्येक कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचलाच पाहिजे, मालक सख्खा भाऊ असला तरी. भोसरीला वडिलांनी सुरू केलेला ट्रान्सपोर्ट गेली १९ वर्षं मी सांभाळते. टाटाचा ४०७ टेम्पो स्वतः चालवलेला आहे, आणि गाड्यांचे पेपर आजही मीच बघते. जे सांगते ते त्या अनुभवातून.

पहिली गोष्ट, आरसी म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र मागून घ्या आणि त्यावरचे दोन आकडे वहीत लिहा: गाडीचं ग्रॉस वजन आणि रिकामं वजन. बोलीभाषेत आपण "किती टनाची पासिंग?" विचारतो. पण त्या उत्तरावर जाऊ नका, कारण कुणी त्यात ग्रॉस सांगतं, कुणी भरायचा माल. ग्रॉस म्हणजे गाडी, माल, डिझेल आणि केबिनमधली माणसं धरून जास्तीत जास्त वजन. पुढचे जवळजवळ सगळे नियम या एका आकड्यावर ठरतात.

"चौदा फुटी" हे हौद्याचं, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागाचं माप झालं, वजनाचं नाही. चौदा फुटी हौद्याच्या काही गाड्या कंपन्यांनी मुद्दाम ७,४९० किलोच्या आसपास ठेवलेल्या असतात आणि काही त्याच्या बऱ्याच वर जातात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. हा ७,५०० चा आकडा का महत्त्वाचा? कारण मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे हलकं मोटार वाहन तिथपर्यंतच. ७,५०० च्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या (कारच्या) लायसन्सवर चालवता येते का, यावर कोर्टांत वर्षानुवर्षं वाद चालला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी "येते" म्हटलं, विमा कंपन्यांनी त्यावर फेरविचार मागितला, आणि अखेर ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तोच निर्णय कायम केला. म्हणजे ७,५०० किलोच्या आतल्या मालगाडीसाठी लायसन्सवर वेगळा "टीआर" (ट्रान्सपोर्ट) शिक्का लागत नाही. धोकादायक माल आणि ई-कार्टसाठीच्या खास अटी मात्र तशाच राहिल्या.

तेव्हा आरसीवर ७,४९० असेल तर तुमचं कारचं लायसन्स चालेल. ९,००० किंवा ११,००० असेल तर नाही चालणार. मग ट्रान्सपोर्टचं लर्निंग, ड्रायव्हिंग स्कूलचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, डॉक्टरांचा दाखला, टेस्ट हे सगळं करायला हवं. तीन महिन्यांच्या कामासाठी त्या खटाटोपात पडू नका, त्यापेक्षा लहान गाडी घ्या. लायसन्स नसताना चालवलं तर ५,००० रुपये दंड तुम्हाला आणि तितकाच गाडी देणाऱ्या मालकालाही लागू शकतो. पण मला काळजी दंडाची नाही, अपघात झाल्यावर विम्याचं काय होतं त्याची आहे. त्याकडे येतेच.

आता परमिट. तुम्ही लिहिलंय, "माझाच माल नेतोय, भाडं मारत नाही, मग परमिट कशाला?" हा समज फार जुना आहे आणि त्याला कारणही आहे. १९३९ च्या कायद्यात स्वतःचा माल नेणाऱ्यांचं आणि लोकांचा माल नेणाऱ्यांचं परमिट वेगवेगळं असायचं. वडिलांच्या जुन्या ट्रकवर कपाळाला "पब्लिक कॅरियर" रंगवलेलं मला आठवतं. १९८८ च्या कायद्याने तो फरक काढून टाकला. आता मालगाडी ती मालगाडी, आत कपाट तुमचं असो की शेजाऱ्याचं. परमिटमधून सुटतात त्या ३,००० किलो आणि त्याखालच्या ग्रॉस वजनाच्या गाड्या. टाटा एस त्यात सहज बसते. पिकअपमध्ये लोकांची फसगत होते, कारण एकाच नावाच्या पिकअपची काही मॉडेलं ३,००० च्या आत आहेत आणि काही बाहेर. तुमचा चौदा फुटी टेम्पो तर नक्कीच बाहेर आहे, म्हणजे परमिट हवंच. विना परमिट सापडलात तर दंड १०,००० रुपये आहे आणि गाडी अडकवून ठेवता येते.

परमिट कुठवरचं हेही वाचा. महाराष्ट्राचं असेल तर कोल्हापूर चालेल, कागलच्या पुढे नाही. बेळगावसाठी नॅशनल परमिट लागतं. त्याची वर्षाची एकत्रित फी १६,५०० रुपये आहे, आणि शहरात फिरणाऱ्या टेम्पोंचे बरेच मालक ती भरत नाहीत, कारण त्यांना गरजच नसते. मालकाला थेट विचारा, "नॅशनल आहे का, आणि यंदाची फी भरली का?" नसेल तर बेळगावची एक ट्रिप दुसऱ्या गाडीने पाठवा. एका साइटसाठी अख्खा करार धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

फिटनेसवर, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याच्या आरटीओच्या दाखल्यावर, मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे मला स्वतःला महागात पडलंय. २०१६ च्या गणपतीत आमची एक ४०७ ओळखीच्या मंडपवाल्यांना पंधरा दिवसांसाठी दिली होती. सीझनची धावपळ, दहा फोन, गाडी देताना मी कागदांची पिशवी न उघडताच हातात दिली. फिटनेस ४ सप्टेंबरला संपलेलं होतं. ९ तारखेला चंदननगरच्या पुढे त्यांच्या हातून एका रिक्षाला धडक बसली. कुणाला फार लागलं नाही हे नशीब. पण गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला गेला, आणि रिक्षावाल्यांची भरपाई मी खिशातून दिली. मंडपवाल्यांचा त्यात काय दोष? गाडी रस्त्यावर आणण्याच्या लायकीची आहे की नाही हे बघणं माझं काम होतं, आणि ते मी केलं नव्हतं. कायद्यात हे फार स्पष्ट आहे: व्यावसायिक गाडीला चालू फिटनेस नसेल तर तिची नोंदणीच वैध मानली जात नाही. म्हणजे फिटनेस संपलेली गाडी कागदोपत्री नोंदणी नसलेल्या गाडीसारखी होते. नंतर सगळ्या कागदांना त्याची झळ लागते.

गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांनी काढायचं असतं, त्यानंतर दरवर्षी. भाड्याने मिळणारे टेम्पो बहुतेक जुनेच असतात, त्यामुळे तुमच्या तीन महिन्यांच्या मध्येच फिटनेस संपण्याची शक्यता बरीच आहे. करार करताना शेवटची तारीख बघा. मध्ये येत असेल तर गाडी दिवे घाटातल्या फिटनेस टेस्टच्या ट्रॅकवर कोण नेणार, त्या दिवसांचं भाडं कापणार का, आणि टेस्टमध्ये काही निघालं तर खर्च कुणाचा, हे आधीच लिहून घ्या. त्या वेळी यावरून भांडणं होतात.

कागद आणि गाडी एकाच गाडीचे आहेत का, हेही तपासा. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण दोन-चार गाड्या असलेल्या मालकाकडून पिशव्यांची अदलाबदल होते, आणि कधी कधी मुद्दामही होते. एजंट लोक आरटीओत गाडी तपासणीला नेताना करतात तेच करा. चेसिसवरचा नंबर कुठे कोरलाय ते मालकाला विचारा, सहसा तो पुढच्या चाकाजवळ असतो. रॉकेलने ओल्या केलेल्या फडक्याने तिथली माती-ग्रीस पुसा. पातळ कागद वर धरून पेन्सिल आडवी घासा. अक्षरं पांढरी उमटतात. तो कागद आरसीशेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा, आणि मग हाच नंबर विम्याच्या पॉलिसीवरही आहे का ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे. एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकलात की विमा, फिटनेस आणि पीयूसीच्या तारखाही दिसतात. लॅमिनेट केलेल्या झेरॉक्सपेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवते. वाटेत पोलिसांना दाखवायला डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधला कागद कायद्याने चालतो.

आता विमा, आणि इथे तुमच्या परिस्थितीत गाडीचा मालक असणं आणि नसणं यातला फरक सगळ्यात जास्त जाणवतो. मालगाडीच्या पॉलिसीवर "पब्लिक कॅरियर" किंवा "प्रायव्हेट कॅरियर" असं लिहिलेलं असतं. परमिटच्या कायद्यातून हा भेद गेला तरी विम्यात तो अजून जिवंत आहे. मालकाने हप्ता वाचवायला प्रायव्हेट कॅरियरची पॉलिसी घेतली असेल आणि गाडी मात्र तुम्हाला भाड्याने दिली असेल, तर कंपनी म्हणू शकते की गाडी भाड्याने देणं या पॉलिसीत बसतच नाही. पॉलिसीचं दुसरं-तिसरं पान, "वापराच्या मर्यादा" असं जे असतं, ते वाचल्याशिवाय किल्ली घेऊ नका.

गाडीसोबत येणारी माणसं हा दुसरा मुद्दा. केबिनमध्ये आरसीवर जितकी सीट तितकीच माणसं. ज्याचा माल आहे तो किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालासोबत बसला तर १९९४ च्या दुरुस्तीपासून विम्यात त्याला स्थान आहे. पण मागे हौद्यात कपाटांवर बसून जाणारे, किंवा "मला कात्रजला सोडा" म्हणून चढलेले लोक यात येत नाहीत. मालगाडीतल्या फुकट प्रवाशासाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये, आशा राणी प्रकरणात, सांगितलंय. मग भरपाईचा बोजा मालक आणि चालकावर येतो. तुमच्या हमालांना कंपनीची बस, रिक्षा, बाइक जे जमेल त्याने पाठवा. त्यांना हौद्यात बसवू नका. हे मी नियमासाठी म्हणत नाही, हडपसरच्या पुलावरून मागे बसलेल्या माणसाचे पाय फाळक्याबाहेर लोंबताना बघितले की माझ्या पोटात गोळा येतो म्हणून म्हणते.

तिसरा मुद्दा तुम्ही स्वतः. तुम्ही ना मालक, ना पगारी ड्रायव्हर. मालकाचा अपघात विमा, तो सक्तीचा १५ लाखांचा, फक्त नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल तेव्हाचा. पगारी ड्रायव्हरचं संरक्षण पगारी ड्रायव्हरला. मधला माणूस दोन्हीकडून बाहेर राहतो. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर निंगम्मा नावाचं प्रकरण आलं होतं. एकजण दुसऱ्याची मोटरसायकल घेऊन निघाला, लोखंडी पत्रे नेणाऱ्या बैलगाडीला धडकला आणि गेला. कोर्ट म्हणालं, दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा मालकाच्या जागी येतो, आणि मालकाला जे त्याच्याच विम्याकडून मिळत नाही ते यालाही मिळणार नाही. गाडी भाड्याने घेऊन चालवणाऱ्याला हे तंतोतंत लागू करायचा प्रयत्न विमा कंपन्या करणारच. म्हणून करार व्हायच्या आधी स्वतःच्या नावाने वैयक्तिक अपघात विमा घ्या, आणि फॉर्म भरताना व्यवसायिक मालगाडी चालवणार असल्याचं लपवू नका. खर्च फार नसतो. घरी बायकामुलं आहेत म्हणून लिहिलंत, म्हणून हे जरा ठासून सांगते.

इथवर आपण काय बघितलं? ग्रॉस वजन, त्यावरून लायसन्स आणि परमिट. मग फिटनेस, चेसिस आणि विमा. हे सगळं गाडी हातात घ्यायच्या आधीचं झालं. आता रोजच्या चालवण्याचं बघू.

माल. फर्निचरवाल्यांना वाटतं, आपला माल हलका. तयार कपाटं हलकी असतीलही, पण बोर्ड हलके नसतात. १८ मिलीच्या आठ बाय चारच्या प्लायची एक शीट ३५ किलोच्या आसपास भरते. शंभर शीट म्हणजे साडेतीन टन. त्यावर हार्डवेअरच्या पेट्या, काच, तुम्ही तिघं. ग्रॉसमधून रिकामं वजन वजा करा, उरेल तेवढंच तुमच्या हातात. आणि आणखी एक बघा: मालकाने मागाहून बंद बॉडी किंवा पत्र्याचं छत लावलं असेल तर प्रत्यक्ष रिकामं वजन आरसीवरच्या आकड्यापेक्षा जास्त असतं, म्हणजे तुमची जागा आणखी कमी. पहिल्याच दिवशी रिकामी गाडी डिझेल भरून वजनकाट्यावर न्या आणि पावती जपून ठेवा. पुढचे तीन महिने तीच तुमची फूटपट्टी.

ओव्हरलोडला कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे. जास्तीचा माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. शिवाय काट्यावर चढायला नकार दिला तर ४०,०००. कायद्याचे शब्द "जो चालवतो, चालवायला लावतो किंवा चालवू देतो" असे आहेत. तुमच्या बाबतीत पहिली दोन्ही माणसं तुम्हीच. लांब मोल्डिंग, पाइप, दहा फुटी पट्ट्या हौद्याबाहेर काढून लाल फडकं बांधणं सगळीकडे दिसतं. फडकं बांधल्याने तो माल कायदेशीर होत नाही. बाहेर आलेल्या मालाचाही दंड २०,००० पासूनच सुरू होतो.

पॉलिशचं काम तुम्ही करता म्हणून एक सांगते. थिनर आणि पीयू पॉलिशचे ड्रम भरून या टेम्पोतून आणू नका. ज्वालाग्राही माल नेणाऱ्या चालकाला वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर वेगळी नोंद लागते, आणि घटनापीठाने दिलेली सूट त्याला लागू नाही. पुरवठादाराकडून पोच घ्या, तो त्याच्या गाडीने पाठवेल.

मालाचे कागद थोडक्यात. जीएसटी नोंदणी आहे असं गृहीत धरते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरच्या मालाला ई-वे बिल (माल नेण्याआधी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद) लागतं, पण बेळगावसाठी ५०,००० च्या वर लगेच. त्यात भाड्याच्या टेम्पोचा नंबर टाका. जुन्या गाडीचा नंबर राहून जाणं ही सगळ्यात नेहमीची चूक. दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते, कोल्हापूर त्यापलीकडे असल्याने दोन दिवस मिळतील. विक्री झालेली नसेल, साइटवर फिटिंग करून मग बिल करणार असाल, तर डिलिव्हरी चलन सोबत ठेवा. एखाद्या गिऱ्हाइकाचं घरचं वापरलेलं सामान हलवायचं असेल तर त्याला ई-वे बिल लागत नाही.

पुण्यातल्या रस्त्यांबद्दल. मध्यवस्तीत मालगाड्यांच्या वेळा ठरलेल्या आहेत, आणि त्या रस्त्यागणिक आणि सणावारी बदलतात. मी एक वेळ सांगितली तर उद्या ती चुकीची ठरेल. वाहतूक पोलिसांचं ताजं परिपत्रक बघा, आणि साइटच्या सोसायटीलाही विचारा की मालाची गाडी कधी आत घेता. पेठेत साइट असेल तर पहाटे जा, दुपारी गाडी फिरवायलाही जागा मिळत नाही. एक्सप्रेसवेवर मालगाडीला ताशी ८० च्या वर जायला परवानगी नाही, आणि बहुतेक व्यावसायिक गाड्यांना स्पीड गव्हर्नर, म्हणजे ठरावीक वेगापुढे गाडी जाऊ न देणारा जोड असतो. तो काढलेला किंवा तार तोडलेली दिसली तर गाडी घेऊ नका. मालकाने ब्रेकच्या बाबतीतही असंच केलं असेल, हे मी गृहीत धरते.

कोल्हापूरहून येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंतचा उतार लागतो. तो तुम्ही कारने शंभर वेळा उतरला असाल, पण भरलेल्या टेम्पोने तो वेगळाच रस्ता असतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने ४८ गाड्यांना उडवलं. चालकाने डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली होती, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत संपते, आणि इंजिनचा स्वतःचा आवरही जातो. उरलेलं सगळं वजन चाकांच्या ब्रेक लायनरवर येतं, आणि ते तापले की पाय कितीही दाबला तरी पकड मिळत नाही. आमच्या जुन्या ड्रायव्हरांचं एकच सांगणं असायचं: ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. बोगद्याच्या आतच तिसरा टाका, जाळ्यात मासा धरल्यासारखा ब्रेक दाबून ठेवू नका, टप्प्याटप्प्याने दाबा-सोडा. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्या. पहिली फेरी रिकाम्या गाडीने, दुसरी अर्ध्या मालाने करा. खंबाटकीचा चढ आणि हा उतार अंगवळणी पडल्याशिवाय पूर्ण माल घेऊन निघू नका.

झोपेबद्दलही बोलायला हवं, कारण तुम्ही लिहिलंय की दिवसभर वर्कशॉप करून रात्री निघणार. मोटार परिवहन कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं माप घालून दिलं होतं. चालक-मालकांना कुणी मोजायला येत नाही, पण शरीर तेच आहे. दिवसभर करवतीवर उभं राहून रात्री अकराला कोल्हापूरसाठी निघालात तर तुमचे आठ तास निघायच्या आधीच संपलेले असतात. अशा दिवशी ड्रायव्हर बोलवा. रोजाने मिळतात. तेव्हा त्याचंही लायसन्स परिवहनच्या सारथी पोर्टलवर तपासा, आणि पॉलिसीत पगारी चालकाचं संरक्षण घेतलंय का ते मालकाला विचारा.

शेवटी करार. कार आणि मोटरसायकल स्वतः चालवायला भाड्याने देण्यासाठी केंद्राच्या १९८९ आणि १९९७ च्या योजना आहेत, म्हणून त्या गाड्यांना काळी पाटी आणि पिवळी अक्षरं दिसतात. टेम्पो-ट्रकसाठी तशी योजना नाही. तुमचा व्यवहार हा दोन माणसांमधला लीजचा करार आहे, आणि लीजवर गाडी ज्याच्या ताब्यात तो "मालक" या व्याख्येत येऊ शकतो. त्यामुळे तोंडी व्यवहार तुमच्याही हिताचा नाही आणि त्याच्याही. स्टॅम्पपेपरवर करा. वापर कशासाठी, चालक कोण, फिटनेस-विमा-टॅक्स चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची, टायर आणि ब्रेकचं काम कुणाचं, ओव्हरलोड आणि सिग्नलचा दंड तुमचा, कागदाच्या त्रुटीचा दंड त्याचा, असं सगळं लिहा. फास्टॅग मालकाच्या खात्याचा असेल, तर रिचार्जचा हिशेब कसा करायचा तेही लिहा. आणि विमा कंपनीला एक ईमेल मालकाकडून जाऊ द्या: अमुक तारखेपासून अमुक माणूस ही गाडी भाड्याने चालवणार आहे. उत्तर आलं तर त्याची प्रिंट पिशवीत ठेवा.

ई-चलन मालकाच्या मोबाइलवर येतं, तुमच्या नाही, आणि कधी कधी कित्येक दिवसांनी येतं. त्यावरून वर्षभराच्या ओळखी तुटलेल्या मी पाहिल्यात. म्हणून गाडी घेताना आधीची सगळी थकलेली चलनं मालकासमोर अॅपवर उघडा आणि स्क्रीनशॉट घ्या. गाडीभोवती फिरून फोटो काढा, त्यात मीटरचं वाचन आणि सगळे टायर स्पष्ट दिसू द्या. मग दोघांच्या सह्या घेताना तारखेपुढे वेळही लिहा, सकाळचे साडेदहा तर साडेदहा, आणि परत देतानाही तसंच करा. सव्वादहाचं चलन त्याचं, पावणेअकराचं तुमचं.